बोर्नव्हिलची बाग आणि साओ तोमेची बेटं

१९०१ साली बर्मिंगहॅमच्या एका चॉकलेट कंपनीच्या हाती एका विकाऊ मळ्याचा कागद पडला. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर असलेल्या साओ तोमे या पोर्तुगीज बेटावरचा तो कोकोचा मळा होता. विक्रीच्या कागदात मळ्याची मालमत्ता लिहिली होती आणि त्यात एक नोंद अशी होती : २०० काळे मजूर, किंमत ३,५५५ पौंड. माणशी हिशेब अठरा पौंडांच्या आतच भरत होता. कागद वाचणाऱ्यांत विल्यम कॅडबरी होता, कंपनीच्या संस्थापकाचा नातू. साओ तोमेवर मजुरांना गुलामासारखं राबवतात अशी कुजबुज त्याने त्याच वर्षी त्रिनिदादला गेला असताना ऐकली होती. आता तीच गोष्ट आकड्यांत समोर आली होती. आणि त्या काळात कॅडबरीचा निम्म्याच्या आसपास कोको याच बेटांवरून येत होता.

दुसऱ्या कुठल्या घराण्याने हा कागद कदाचित फाइलीत लावून ठेवला असता. कॅडबरी घराण्याला ते जड जाणार होतं, कारण गुलामगिरीचा विरोध त्यांच्या धर्मातच होता. हे घराणं क्वेकर पंथाचं. देवासमोर सगळी माणसं सारखी, म्हणून कुणापुढे टोपी काढायची नाही, शपथ घ्यायची नाही, शस्त्र धरायचं नाही, असं मानणारा हा ख्रिस्ती पंथ. ब्रिटनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पहिल्यांदा संघटित आवाज उठवणाऱ्यांत क्वेकर पुढे होते. याच आग्रहांमुळे विद्यापीठांची आणि सरकारी मानाच्या जागांची दारं त्यांना दीर्घकाळ बंद राहिली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे धर्माचे निर्बंध हटायला १८७१ साल उजाडलं. तोवर हुशार क्वेकर मुलांपुढे व्यापार हाच मोठा रस्ता होता. ब्रिस्टलचे फ्राय, यॉर्कचे राउंट्री आणि बर्मिंगहॅमचे कॅडबरी ही ब्रिटनमधली चॉकलेटची तिन्ही मोठी नावं क्वेकरच होती, ती या कारणाने.

जॉन कॅडबरीने १८२४ साली बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर दुकान थाटलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. लीड्सच्या एका चहाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी करून तो परतला होता. दुकानात चहा आणि कॉफी होती, आणि सोबत त्याने स्वतः खलबत्त्यात कुटलेला कोको. चॉकलेट हे त्या काळी प्यायचं पेय होतं आणि तेही पैसेवाल्यांचं. गरिबांच्या वस्तीत स्वस्त दारूने घरंच्या घरं बुडत होती. जॉन स्वतः दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता. दारूऐवजी हातात धरता येईल असं गरम, पौष्टिक पेय लोकांना मिळावं, ही त्याची धंद्यामागची तळमळ होती. धुराडी साफ करण्यासाठी लहान मुलांना आत उतरवण्याची जी क्रूर चाल होती, तिच्याविरुद्धही तो झटला. १८३१ मध्ये त्याने एका जुन्या गोदामात कोको बनवायला सुरुवात केली, पुढे भावाला भागीदारीत घेतलं, आणि १८५०च्या दशकात राणी व्हिक्टोरियाला माल पुरवण्याचा मानही मिळवला.

पण १८५५ मध्ये पत्नी कँडिया क्षयाने गेली आणि जॉनचं लक्ष उडालं. प्रकृतीही साथ देईना. भावाशी असलेली भागीदारी संपली. १८६१ मध्ये त्याने रिचर्ड आणि जॉर्ज या मुलांवर धंदा सोपवला तेव्हा तो डबघाईला आला होता. अकरा कामगार उरले होते. रिचर्ड पंचवीस वर्षांचा, जॉर्ज एकवीसचा. आईकडून वारशाने मिळालेली पुंजी दोघांनी कारखान्यात ओतली. जॉर्जने आपल्या गरजा इतक्या कमी केल्या की सकाळचं वर्तमानपत्रही बंद केलं. हा व्यवसाय बुडाला तर हिमालयात जाऊन चहाचा मळा करायचा, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

अडचण मालातच होती. कोकोच्या बीत निम्म्याहून अधिक चरबी असते. बी नुसती कुटून गरम पाण्यात घातली की वर तेलाचा तवंग येतो. तो शोषून घ्यायला त्या काळचे सगळे कारखानदार बटाट्याचा स्टार्च, साबुदाण्याचं पीठ, काकवी असं काहीबाही मिसळत. कॅडबरीच्या मालातही खऱ्या कोकोचा वाटा जेमतेम पाचवा होता. इतर काहींची मजल याच्याही पुढे गेली होती. १८५०च्या दशकात लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकासाठी आर्थर हॅसल या डॉक्टरने सूक्ष्मदर्शकाखाली खाद्यपदार्थ तपासले, तेव्हा कोकोच्या कित्येक नमुन्यांत रंगासाठी घातलेली तांबडी माती सापडली होती.

यावर तोड हॉलंडमध्ये निघाली होती. व्हान हाउटेन नावाच्या कारखानदाराने १८२८ मध्येच असा दाबयंत्राचा उपाय काढला होता की कोकोतली बरीचशी चरबी पिळून बाहेर यावी. जॉर्ज हॉलंडला गेला, ते यंत्र घेऊन आला आणि १८६६ मध्ये कॅडबरीने ‘कोको एसेन्स’ बाजारात आणला. पिठाची भेसळ नसलेला कोको. जाहिरातीचा सगळा भर शुद्धतेवर होता. भेसळीविरुद्धच्या चळवळीला त्याच सुमारास जोर आला, १८७२ आणि १८७५ मध्ये कायदे झाले, डॉक्टरांनी या कोकोची शिफारस केली, आणि बुडता कारखाना तरला. पिळून निघालेल्या चरबीचंही सोनं झालं. कोको आणि साखरेत ती मिसळली की तोंडात विरघळणारी वडी तयार होते. आपण आज ज्याला चॉकलेट म्हणतो ते खाण्याचं चॉकलेट या उरलेल्या चरबीमुळे मोठ्या प्रमाणावर बनू लागलं. रिचर्डला चित्रकलेची आवड होती. त्याने स्वतः काढलेली चित्रं चॉकलेटच्या खोक्यांवर छापली आणि भेट द्यायच्या सुबक खोक्यांची चाल पडली.

धंदा वाढला तशी शहरातली जागा अपुरी पडू लागली. १८७८ मध्ये भावांनी बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला चार मैलांवर साडेचौदा एकर माळरान विकत घेतलं. जवळून बोर्न नावाचा ओढा, कालवा आणि रेल्वे जात होती. पुढच्याच वर्षी कारखाना तिथे हलला आणि जागेचं नाव पडलं बोर्नव्हिल. चॉकलेटसाठी फ्रान्सचं नाव मोठं होतं, म्हणून नावाला ती फ्रेंच शेपटी.

जॉर्ज दर रविवारी पहाटे उठून बर्मिंगहॅमच्या प्रौढशाळेत मजुरांना लिहा-वाचायला शिकवायचा. हा नेम त्याने पन्नासएक वर्षं पाळला. तिथल्या विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन त्याने अंधाऱ्या खोल्या, सामायिक नळ, अंगणभर साचलेलं सांडपाणी पाहिलं होतं. अशा घरात राहणाऱ्याला तू दारू सोड, नीट वाग, असं सांगून काय होणार, हा प्रश्न त्याला तिथे पडला. त्याचं उत्तर त्याने जमिनीत उतरवलं. १८९३ मध्ये कारखान्याजवळ १२० एकर घेतले आणि १८९५ पासून घरं बांधायला काढली. घराने प्लॉटचा चौथाईहून जास्त भाग व्यापायचा नाही, मागे भाजीपाल्याची बाग आणि फळझाडं हवीत, रस्त्यांना दुतर्फा झाडं हवीत, असे नियम घालून दिले. ही घरं कारखान्याच्या कामगारांपुरती राखीव ठेवली नाहीत. १९०० मध्ये ३१३ घरं झाली तेव्हा जॉर्जने सगळी वसाहत आपल्या मालकीतून काढून बोर्नव्हिल व्हिलेज ट्रस्टच्या नावे केली. गावात दारूचा गुत्ता मात्र उघडू दिला नाही.

कारखान्यात शनिवारी अर्धा दिवस सुट्टी, खेळाची मैदानं, पोहण्याचे तलाव, पुढे पेन्शन फंड. या सगळ्यात वडीलधाऱ्याची करडी नजरही होती. बायका आणि पुरुष वेगवेगळ्या विभागांत काम करत, लग्न झालं की बाईची नोकरी संपत असे. तरीही त्या काळच्या कुठल्याही गिरणीशी तुलना करा, बोर्नव्हिलचा कामगार जास्त जगत होता आणि चांगलं जगत होता. जॉर्ज कॅडबरीच्या चांगुलपणाबद्दल शंका घ्यावी असं त्याच्या आयुष्यात काही नाही.

म्हणूनच १९०१च्या त्या कागदानंतर जे घडलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण वाटतं.

साओ तोमे आणि प्रिन्सिपे ही बेटं पोर्तुगालची. ज्या लिस्बनमधून तेव्हा आपल्या गोव्याचा कारभार चालत होता, तिथूनच यांचाही चाले. पोर्तुगालने १८७०च्या दशकात गुलामगिरी कागदोपत्री संपवली होती. त्यानंतर मळ्यांवर ‘सेर्विसाइस’, म्हणजे कराराचे मजूर आले. करार पाच वर्षांचा. पण पाच वर्षं भरून मजूर घरी परतला, असं होतच नव्हतं. करार आपोआप वाढे आणि मजूर बेटावरच मरे. मजूर आणले जात अंगोलाच्या आतल्या मुलखातून. हेन्री नेविन्सन हा इंग्रज पत्रकार १९०४-०५ मध्ये त्या वाटेने चालत गेला. वाटेतल्या झाडांवर त्याला लाकडी खोडे लटकलेले दिसले, आणि वाटेच्या कडेला हाडं. चालण्याचं त्राण संपलेल्यांना तिथेच टाकून पुढे जात. किनाऱ्यावर पोचलेल्या मजुराला सरकारी अधिकाऱ्यापुढे उभं करत, तो राजीखुशीने जातोय अशी नोंद करत आणि त्याच्या गळ्यात नंबराची पत्र्याची चकती आणि कराराचा कागद ठेवायची पत्र्याची नळी अडकवत. बंदरावर जो गुलाम म्हणून विकला जात होता, तो जहाजावर चढताना या नळीमुळे कायदेशीर मजूर होत होता. नेविन्सनची लेखमाला १९०५ पासून अमेरिकेतल्या ‘हार्पर्स’ मासिकात आली आणि १९०६ मध्ये पुस्तक झाली.

कॅडबरी गप्प बसले नाहीत, हे नोंदवायला हवं. विल्यम १९०३ मध्ये लिस्बनला जाऊन मळेवाल्यांना आणि सरकारला भेटला. मग ठरलं की आपला माणूस पाठवून पुरावा गोळा करायचा. जोसेफ बर्ट नावाच्या क्वेकर गृहस्थाने त्यासाठी आधी पोर्तुगीज भाषा शिकून घेतली. तो १९०५ च्या मध्यात निघाला, बेटं आणि अंगोला पाहून १९०७ मध्ये परतला. नेविन्सनने लिहिलं होतं त्याला त्याच्या अहवालाने दुजोरा दिला. पुढे ब्रिटिश परराष्ट्र खात्याने घाई करू नका असा सल्ला दिला. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींना पोर्तुगीज मोझांबिकमधून मजूर लागत होते आणि लिस्बनला दुखवायचं नव्हतं. अहवालाचं भाषांतर, पोर्तुगीज सरकारला मुदत, आणखी मुदत. १९०८ अखेर विल्यम स्वतः बेटांवर गेला. खरेदी थांबवली तर आपला शब्द ऐकणारं कुणी उरणार नाही, गिऱ्हाईक आहोत तोवरच दबाव टाकता येईल, हा कॅडबरींचा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ नव्हता. पण या सगळ्या काळात त्या बेटांवरचा कोको बोर्नव्हिलला येत राहिला.

२६ सप्टेंबर १९०८ रोजी लंडनच्या ‘स्टँडर्ड’ या हुजूरपक्षीय वर्तमानपत्राने नेमकं या जागी बोट ठेवलं. त्याला राजकारणाची पार्श्वभूमी होती. एके काळी वर्तमानपत्र बंद करणारा जॉर्ज कॅडबरी आता ‘डेली न्यूज’ या उदारमतवादी दैनिकाचा मालक होता, आणि त्या दैनिकाने दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत चिनी मजुरांना जवळजवळ गुलाम करून राबवल्याबद्दल हुजूरपक्षाच्या सरकारवर झोड उठवली होती. बोर्नव्हिलच्या कामगारांसाठी इतकं करणाऱ्यांना साओ तोमेचे मजूर कसे दिसत नाहीत, असा ‘स्टँडर्ड’चा सवाल होता. कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. दावा चालू असतानाच, मार्च १९०९ मध्ये, कॅडबरी, फ्राय, राउंट्री आणि जर्मनीतल्या स्टोलवर्क या कंपन्यांनी साओ तोमेच्या कोकोवर बहिष्कार जाहीर केला.

खटला २९ नोव्हेंबर १९०९ रोजी बर्मिंगहॅमच्या न्यायालयात उभा राहिला. कॅडबरींकडून रुफस आयझॅक्स, ‘स्टँडर्ड’कडून एडवर्ड कार्सन. ऑस्कर वाइल्डची उलटतपासणी घेऊन गाजलेला हाच तो कार्सन. विल्यम साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आला तेव्हा कार्सनने तारखांमागून तारखा त्याच्याकडून वदवून घेतल्या. १९०१ मध्ये कळलं होतं? होय. तरी १९०२ मध्ये खरेदी केली? होय. १९०३? १९०४? शेवटी त्याने विचारलं की त्या आठ वर्षांत तुमच्यासाठी कोको पिकवताना किती गुलाम मेले, याचा काही अंदाज केलात का? विल्यमकडे नकाराखेरीज उत्तर नव्हतं.

६ डिसेंबरला ज्युरीने निकाल दिला. कॅडबरींची बदनामी झाली, दावा खरा. भरपाई किती? एक फार्दिंग. पेनीचा चौथा हिस्सा, इंग्लंडमधलं सगळ्यात लहान नाणं. ज्युरी कॅडबरींच्याच गावची होती. गावाला त्यांच्याबद्दल आदर होता, तरीही पदरी कवडी पडली. ते लबाड आहेत असं गावाला म्हणायचं नव्हतं, आणि त्यांनी पुरेसं केलं असंही म्हणवत नव्हतं. मला या निकालात मोठं शहाणपण दिसतं.

बहिष्काराने कोकोचा भूगोल बदलला. गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, इथे टेटे क्वाशी नावाच्या लोहाराने १८७०च्या दशकात फर्नांडो पो बेटावरून बियाणं आणून कोको लावला होता. तिथे मोठे मळेवाले नव्हते, आपल्या जमिनीत पीक घेणारे आफ्रिकी शेतकरी होते. कॅडबरीने आपली खरेदी तिकडे वळवली. १९११ पर्यंत गोल्ड कोस्ट जगातला सगळ्यात मोठा कोको-उत्पादक झाला. हा शेतकरी स्वतंत्र होता, म्हणून त्याला नाही म्हणता येत होतं. १९३७ मध्ये युरोपीय खरेदीदारांनी भाव न वाढू देण्यासाठी आपसांत करार केला आणि त्यात कॅडबरीही सामील झाली, तेव्हा शेतकऱ्यांनी माल विकायचंच थांबवलं. अनेक महिने कोको बाजारात आला नाही आणि ब्रिटिश सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. ज्या कंपनीने गुलामांच्या प्रश्नावर कोर्टात मान खाली घातली होती, तिच्या वारसांना पुन्हा एकदा शेताच्या बांधावरून सुनावलं गेलं.

बोर्नव्हिलची भरभराट मात्र चालूच होती. १९०५ मध्ये जॉर्जच्या मुलाने स्विस कंपन्यांना टक्कर द्यायला जास्त दुधाचं चॉकलेट बनवलं. तेच डेअरी मिल्क. १९१९ मध्ये फ्राय कंपनी कॅडबरीत विलीन झाली. १९४८च्या जुलैमध्ये मुंबईत ‘कॅडबरी-फ्राय (इंडिया)’ची नोंदणी झाली. आधी बाहेरून आलेली चॉकलेटं विकायची, मग इथेच बनवायची. १९६०च्या दशकात ठाण्यात आणि मावळात तळेगावजवळ इंदुरीला कारखाने उभे राहिले. त्याच दशकात कंपनीने केरळात नारळी-पोफळीच्या बागांतून कोकोच्या लागवडीला हात घातला. ठाण्यातला एक मोठा चौक आजही कॅडबरी जंक्शन म्हणूनच ओळखला जातो.

२००३ च्या ऑक्टोबरमध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, महाराष्ट्रात डेअरी मिल्कच्या वड्यांत अळ्या निघाल्याच्या तक्रारी आल्या. अन्न व औषध प्रशासनाने दखल घेतली, वर्तमानपत्रं तुटून पडली, विक्री घसरली. जानेवारी २००४ मध्ये वड्यांना नवं, घट्ट बंद होणारं वेष्टन आलं. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातातला दोष तीन महिन्यांत दूर झाला. साओ तोमेच्या मळ्यातल्या दोषाला आठ वर्षं लागली होती. दोन्ही वेळी कंपनीचे लोक वाईट नव्हते. फरक पडला तो दोष कुणाच्या डोळ्यांसमोर होता यामुळे.

२०१० मध्ये अमेरिकेच्या क्राफ्टने कॅडबरी साडेअकरा अब्ज पौंडांना घेतली. ब्रिस्टलजवळचा, मूळचा फ्रायचा सॉमरडेल कारखाना चालू ठेवू, असं सांगून बोली लावली होती. व्यवहार होताच आठवड्याभरात तो बंद करण्याची घोषणा झाली. ब्रिटनच्या टेकओव्हर पॅनेलने क्राफ्टला जाहीर ठपका दिला, पण कारखाना वाचला नाही. कॅडबरी आता मोंडेलीझची आहे. जॉर्जने ट्रस्टच्या हवाली केलेलं गाव तेवढं मालक बदलले तरी ट्रस्टचंच राहिलं, कारण त्याचा चांगुलपणा त्याने स्वतःच्या मर्जीवर न ठेवता कायद्यात बांधून ठेवला होता.

साओ तोमेच्या मजुरांसाठी अशी बांधणी कुणी केली नाही. २०२० मध्ये शिकागो विद्यापीठाच्या नॉर्क संस्थेने घाना आणि आयव्हरी कोस्टच्या कोको पट्ट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चॉकलेट उद्योगाला कोको पुरवणाऱ्या या दोन देशांत सुमारे १५.६ लाख मुलं कोकोच्या कामात बालमजुरी करताना आढळली. कोयते चालवणं, जड पोती वाहणं अशी धोक्याची कामं त्यात आहेत. सगळ्या मोठ्या कंपन्यांच्या योजना आहेत, अहवाल आहेत, मुदती आहेत, आणि मुदती पुढे ढकलल्या जात आहेत. १९०१ ते १९०९ या काळात हेच होत होतं.

त्या आठ वर्षांत चाक हललं ते चौघांमुळे. चालत जाऊन पाहणारा नेविन्सन, पुरावा जमवणारा बर्ट, राजकीय हेतूने का होईना पण छापणारं विरोधी वर्तमानपत्र, आणि शपथेवर तारखा विचारणारा कार्सन. कॅडबरींची सदसद्‌विवेकबुद्धी खरी होती आणि ती जागीही होती. पण तिला हिशेबाच्या तारखेपर्यंत ओढून न्यायला बाहेरचा रेटा लागला. सज्जन मालक मिळाला की प्रश्न सुटला, असं समजणाऱ्या प्रत्येकाने हा खटला वाचावा. आपल्या मुलांच्या हातात आपण जे चॉकलेट ठेवतो त्याच्या कंपनीला, आणि उसापासून कापसापर्यंत आपल्याकडच्या प्रत्येक मोठ्या खरेदीदाराला, कार्सनचा सवाल विचारायचा हक्क आपल्याला आहे : तुम्हाला कधी कळलं, आणि त्यानंतर किती वर्षं तुम्ही माल घेत राहिलात?